मिठाची खोली

४ फेब्रुवारी, मंगळवार
सकाळी २३०. संध्याकाळी २२०.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. प्रत्येक पानावर दोन चौकटी. रोज दोनदा नळीत जोर लावून फुंकायचं आणि काटा जिथे थांबेल तो आकडा चौकटीत लिहायचा. नळीला त्यांचं काही लांबलचक नाव आहे. मी फुंकणी म्हणतो. चौकटींच्या खाली पान रिकामं राहतं, म्हणून हे लिहितो आहे.

चौतीस वर्षं बेकरी केली. पीठ छातीत बसलं. बाई म्हणाल्या, "तीन महिने बेकरीची पायरी चढायची नाही. त्यातले शेवटचे पंधरा दिवस सलग दोन्ही वेळा चारशे आले, तर पुन्हा बोलू. नाही आले तर बेकरी विसरायची."

"आणि नाही विसरलो तर?"

"तर घरच्यांना सांगून ठेवा, रुग्णवाहिका कुठे उभी करायची ते."

बेकरी आता ही सांभाळते. ही म्हणजे बायको. दोन कारागीर आहेत, भट्टी आहे, गिऱ्हाइकं आहेत. मी तेवढा नाही.

५ फेब्रुवारी
२३०. २२०.
काही घडलं नाही. खिडकीतून रस्ता पाहिला. लोक कुठे ना कुठे जात होते.

१० फेब्रुवारी, सोमवार
२४०. २२०.

गल्लीच्या टोकाला एका म्हाताऱ्याने सॉना काढला आहे. लाकडी खोली, गरम दगड, आणि आत मीठ. त्याला सगळे कप्तान म्हणतात. रोज सकाळी पाव न्यायला येतो. त्याने हिला सांगितलं, यजमानांना पाठवा, दम्याची माणसं येतात माझ्याकडे.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मिठाने दमा जातो असं मी म्हणणार नाही. पंप सोडायचा नाही. फार गरम झालं, छाती आवळली, तर उठून बाहेर यायचं. एवढं पाळून बरं वाटत असेल, तर बसा बापडे."

बसा बापडे. म्हणजे मी आता बापडा झालो.

१२ फेब्रुवारी, बुधवार
२४०. २३०.

गेलो. कप्तान सत्तरीचा. मान आखूड, दंड अजून भक्कम. मी नमस्कार करून म्हटलं, "कप्तानसाहेब."

"साहेब कुठला! तीस वर्षं जहाजाच्या पोटात इंजिनाला तेल घातलं. समुद्र पाहिला तो सुट्टीच्या दिवशी. काढा शर्ट."

खोली लहान आहे. दोन पायऱ्यांसारखी दोन बाकं. मागची भिंत मिठाच्या विटांची, विटांमागे दिवे. गाजर किसून दुधात टाकल्यावर येतो तसा रंग. कोपऱ्यात शेगडी, तिच्यावर दगड. वरच्या झरोक्याशी एक यंत्र मीठ दळतं आणि हवेत सोडतं. मीठ दिसत नाही. थोड्या वेळाने ओठ चाटले की कळतं.

मी हात वर करून हवा पाहिली. "पंचेचाळीस."

कप्तानाने दारावरचा तापमापक पाहिला. "सेहेचाळीस. कसं ओळखलंत?"

"इतक्यात खमीर घाबरतं, पण मरत नाही."

"मग तुम्हीही मरणार नाही," तो म्हणाला आणि वाळूचं घड्याळ उलटं करून दार ओढून गेला.

पंधरा मिनिटं बसलो. खोकला दोनदाच आला. बरं वाटलं की नाही, ठरवता आलं नाही. पण इतक्या दिवसांनी गरम जागेत बसलो, एवढं खरं. भट्टीवाल्याला थंडीची सवय नसते.

१९ फेब्रुवारी, बुधवार
२७०. २३०.

आठवड्यातून तीन दिवस जातो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी. दुपारपासून संध्याकाळपर्यंत बायकांची वेळ असते, तेव्हा कप्तानाची बहीण बसते.

कप्तानाने श्वास शिकवला. म्हणाला, "तुम्ही लोक घ्यायच्या मागे लागता. घेणं आपोआप होतं. सोडायला शिका." ओठ चोचीसारखे करून सोडायचं, मनात आठ मोजत. मला पाचपर्यंत जमतं. नंतर छातीत कुत्र्याचं पिल्लू कुईकुई करतं.

सकाळचा आकडा चढतो आहे. संध्याकाळचा मात्र उतरतो. दिवसभराचा थकवा म्हणावं, तर मी दिवसभर करतो काय?

संध्याकाळ खरं तर दिवसातली सगळ्यात चांगली वेळ. ही पाचला येते ती तशीच माझ्या पलंगावर टेकते आणि दिवस सांगते. कुणी किती पाव नेले, कोणत्या कारागिराने कणीक सैल केली, कोण माझी चौकशी करत होतं. बोलता बोलता माझी पाठ चोळते. नंतर आरशात पाहिलं तर पाठीवर तिचा पांढरा पंजा उमटलेला असतो. पुसत नाही. आमच्या घरात पीठ झटकायची रीत नाही. माती लागली तर पाय धुऊन आत यायचं, पीठ लागलं तर तसंच. वडील म्हणायचे, पीठ ही घाण नव्हे, पीठ म्हणजे आपण.

हे सुख मला आजारपणाने दिलं. पूर्वी दोघेही बेकरीत असायचो आणि एकमेकांवर फक्त ओरडायचो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
२७०. २९०.
पहिल्यांदाच संध्याकाळचा आकडा सकाळच्या वर गेला. आज बेकरीला सुट्टी. ही दिवसभर घरी, पडदे धुतले. काल सॉनात वीस मिनिटं बसलो होतो, त्याचा गुण आज दिसला असणार. मीठ हळू काम करतं.

९ मार्च, रविवार
३२०. ३१०.

ही तीन दिवस थोरल्या मुलीकडे गेली आहे. बेकरी कारागिरांवर. घरात चिटपाखरू नाही. दोन्ही वेळा तीनशेच्या वर. शुक्रवारी कप्तानाला आकडे दाखवले. तो म्हणाला, "छान." पण बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. "घरी कोण असतं?" त्याने विचारलं. म्हटलं, सध्या मीच. तो म्हणाला, "हं."

मिठाचे उपकार कसे फेडायचे? माणसाचे फेडता येतात.

१० मार्च, सोमवार
३१०. २५०.

ही परत आली. थेट बेकरीत गेली, संध्याकाळी घरी. पाठ चोळली, नातवाच्या गोष्टी सांगितल्या, मी खोकून खोकून हसलो. मग फुंकलं. अडीचशे. फुंकणी बिघडली असेल म्हणून पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच.

हिने वही मागितली. तिला कधी आकड्यांत रस नव्हता. मी पंप घेऊन पडलो. डोळे उघडले तेव्हा ती खिडकीशी उभी राहून वही चाळत होती. काय पाहतेस म्हटलं तर म्हणाली, "काही नाही. अक्षर सुधारलंय तुमचं."

१२ मार्च, बुधवार
२९०. ३००.

ही आजपासून पुढच्या खोलीत झोपणार. "तुमच्या खोकल्याने झोप होत नाही. मला पहाटे उठायचं असतं."

चौतीस वर्षं माझ्या घोरण्यात झोपली. कधी कुरबुर केली नाही.

आज घरीही उशिरा आली. सहा वाजून गेले होते. केस ओले. पलंगाशी आली नाही. दारात उभी राहून दोन वाक्यं बोलली आणि स्वयंपाकाला लागली.

१७ मार्च, सोमवार
३२०. ३३०.

रोज हेच. सहाला येते. ओले केस, धुतलेली साडी, कसल्यातरी साबणाचा वास. दुकानात आता धुऊन-बिऊन बसावं लागत असेल. मालकीण झाली ना. कारागीर 'बाईसाहेब' म्हणत असतील.

पाठ चोळ म्हटलं तर म्हणाली, "आधी जेवा."
जेवलो. "आता?"
"आता पोट भरलेलं आहे. उद्या."

माणूस कामाचा राहिला नाही की घरातल्या घरात पाहुणा होतो.

आकडे चढताहेत, त्याचा आनंद कुणाबरोबर करायचा? कप्तानाबरोबर केला.

२६ मार्च, बुधवार
३६०. ३६०.

आज आठपर्यंत मोजलं. पिल्लू गप्प. बाहेर येऊन थंड पाण्याने तोंड धुतलं आणि कप्तानाचे हात हातात घेतले. म्हटलं, "तुमच्या मिठाने मला माणसात आणलं."

तो संकोचला. माझे हात सोडवून टॉवेलांच्या घड्या घालत बसला. मग म्हणाला, "मिठाला काय सांगता? घरी सांगा."

"घरी कोण ऐकतं?"

"तुम्ही बेकर लोक," तो म्हणाला, "डोळ्यांत पीठ गेलेलं असतं का हो तुमच्या?"

त्याचा विनोद कधीकधी कळत नाही. जहाजावरचा असेल.

४ एप्रिल, शुक्रवार
४००. ४००.

दोन्ही वेळा. काटा चारशेच्या रेघेवर जाऊन उभा राहिला. मी एकटाच खोलीत टाळी वाजवली.

ही आल्यावर दारातच फुंकणी दाखवली. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता पलंगाशी येईल. एक पाऊल आत टाकलं. मग थांबली. "बरं झालं," म्हणाली. "फार बरं झालं." आणि नळ सोडून भांडी घासत बसली. भांडी स्वच्छच होती.

समजलो. मी परत येणं तिला नको आहे. बेकरी तिच्या हाताला लागली.

तरी आज मनात कडवटपणा फार वेळ टिकला नाही. श्वास पुरेसा असला की माणूस राग धरायला आळशी होतो. फुकट मिळणाऱ्या या एका गोष्टीचं किती अप्रूप वाटतं! जिना चढलो, उतरलो, पुन्हा चढलो. शेजारीण म्हणाली, "काका, काही हरवलंय का?"

७ एप्रिल, सोमवार
२१०. नंतर फुंकलं नाही.

काल दुपारी टॉवेल वाळत घालायला मागच्या गॅलरीत गेलो. चिमटे सापडेनात. रिकाम्या पिंपामागे प्लास्टिकची पिशवी होती, तोंड दोरीने घट्ट बांधलेलं. चिमटे असतील म्हणून सोडली. आत हिचा बेकरीतला कोट होता. डोक्याला बांधायचं फडकं होतं. दोन महिने मी पिठाला हात लावला नव्हता.

कोट बाहेर काढून झटकला. खिशात मूठभर पीठ होतं. चिमटीत घेऊन चोळलं, जिभेवर ठेवलं. आंबूस लागत होतं, पोतं दमट असणार. गिरणीवाल्याने मी नाही म्हणून हिला फसवलं, असं मनात आलं आणि खात्री करायला दुसरी चिमूट घेतली. मग कोटात तोंड खुपसलं. हे कशासाठी केलं, ते लिहीत नाही.

दहा मिनिटांनी जमिनीवर बसलो होतो. पंप आतल्या खोलीत. सोडायला शिका, सोडायला शिका. ओठांची चोच केली आणि मोजलं. तीन. दोन. तीन. गुडघ्यांवर पंपापर्यंत गेलो. शेजारणीने आवाज ऐकला. तिने डॉक्टरीणबाईंकडे नेलं, वाफ दिली, इंजेक्शन दिलं.

ही धावत आली. दवाखान्याच्या दारातच थांबली, अंगावरचा दुसरा कोट काढून बाहेर कठड्यावर टाकला, डोक्याचं फडकं सोडलं, हात कोपरापर्यंत धुतले आणि मग आत आली. मी मरायला टेकलो आणि हिला हात धुवायचे सुचतात, असं वाटलं.

आज सकाळी पुन्हा तपासणी. बाईंनी वही मागितली. आकड्यांवरून बोट फिरवत गेल्या आणि एका तारखेशी थांबल्या. "इथून संध्याकाळचे आकडे उतरायचे बंद झाले. बारा मार्च. काय झालं त्या दिवशी?"

"मीठ."

"मीठ त्याच्या आधी महिनाभर सुरू होतं. घरात काय बदललं?"

"काही नाही."

"खाली काय लिहिलंय?"

"ते खाजगी आहे."

"मग घरी जाऊन तुम्हीच वाचा," त्या म्हणाल्या. "आणि नीट वाचा."

वाचलं.

८ एप्रिल, मंगळवार
२७०. ३००.

आज बेकरी बंद. ही तांदूळ निवडत होती. मी वही घेऊन समोर बसलो.

म्हटलं, "केस कुठे धुतेस?"

तिने मान वर केली नाही. "कप्तानाच्या बहिणीकडे. बायकांच्या वेळेत. पाऊण तास लागतो. भुवयांतसुद्धा पीठ असतं."

"रोज?"

"रोज. ती म्हणते, आत बसा जरा, घामाने निघतं. मग बसते मिठात. दुकानातून निघताना कोट तिथेच ठेवायची. शनिवारी धुवायला म्हणून घरी आणला, आणि विसरले."

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही म्हणाला असतात, काही होत नाही गं, ये इकडे." आता तिने वर पाहिलं. "आणि मी आले असते."

मी म्हटलं, "कळलं कसं तुला?"

"तुम्हीच तर लिहिलंत. पाठीवरचा पांढरा पंजा. वाचलं आणि माझे हात बघितले. रोज बेकरी घेऊन तुमच्या उशाशी बसत होते मी. डॉक्टर म्हणाल्या पायरी चढू नका, तुम्ही चढला नाहीत. पायरीच चालत घरी यायची."

"खालचं सगळं वाचलंस?"

"तेव्हा होतं तेवढं. पुढचं नाही." तांदळातला खडा बाजूला टाकून म्हणाली, "पुढे माझ्याबद्दल वाईट लिहिलंय का?"

"थोडं."

"असू दे. खोडू नका. आकड्यांची वही आहे."

मग ती उठून आली आणि पलंगावर टेकली, पूर्वी बसायची तशी. हात पुढे करून उलटेपालटे दाखवले. रेघांमध्येही काही नव्हतं. पाठ चोळली. तांदूळ तसेच राहिले.

चौतीस वर्षांत तिचे हात इतके स्वच्छ पहिल्यांदाच पाहिले. ओळखीचे नव्हते. सवय करून घ्यायला हवी.

१५ एप्रिल, मंगळवार
३६०. ३७०.

कप्तानाने दुपारच्या जेवणाच्या वेळेत खोली आम्हा दोघांसाठी उघडली. म्हणाला, "जहाजावर सगळ्यात जास्त काय ठाऊक होतं मला, सांगू? कुठे गळतंय ते. तुम्ही आकडे दाखवलेत त्याच दिवशी समजलो होतो. पण वहिनी म्हणाल्या, बोलायचं नाही. मग काय, दोन्ही पाळ्यांना तुमच्याच घरचं माणूस, आणि मी मधे गुपचूप टॉवेल बदलतोय."

ही खालच्या बाकावर, मी वरच्या. विटांमागचे दिवे लागलेले. यंत्राची बारीक घरघर. म्हटलं, "ओठ चाट."

"रोज चाटते," ती म्हणाली. "तुम्हीच एकटे आजारी आहात वाटतं?"

तीन मिनिटांत तिला झोप लागली. भिंतीला डोकं टेकून, तोंड किंचित उघडं. साडेतीनला उठून पाव, दुकान, हिशेब, मग पाऊण तास केस, मग माझं जेवण. महिनाभर मी हिला मालकीण म्हणत होतो.

तिचा श्वास मोजला. आत तीन, बाहेर पाच. मधे जरासा थांबा. वाळू संपली. कप्तानाने काचेवर टकटक केली. मी पाच बोटं दाखवली. त्याने दार न उघडताच मान हलवली आणि गेला.

मीठ काय करतं, मला अजून माहीत नाही. त्याने मला बसायला शिकवलं, सोडायला शिकवलं, गॅलरीत जीव वाचेल एवढा दम दिला. आणि हिला दिवसातून पाऊण तास बूड टेकायला जागा दिली. एवढं श्रेय मी त्याला देतो. उरलेलं बाकीच्यांचं.

६ मे, मंगळवार
४१०. ४२०.

तीन महिने झाले. पंधरा दिवस सलग चारशेच्या वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठरल्याप्रमाणे बोलू या. मास्क लावून, दिवसातून एखादा तास, जाऊन बघायचं असेल तर..."

ही शेजारच्या खुर्चीत. पदराचं टोक मुठीत.

म्हटलं, "मी गेलो तर घरी जाताना मला कोण धुणार?"

बाई हसल्या. ही हसली नाही. तिने मूठ सोडली.

"नाही जाणार," मी म्हटलं. हे वाक्य बोलायला चौतीस वर्षं लागतील असं वाटलं होतं. एका श्वासात झालं, आणि मागे श्वास उरला.

बाहेर आल्यावर ही म्हणाली, "माझ्यासाठी म्हणालात का?"

"छे. माझ्यासाठी. मला संध्याकाळ हवी आहे."

चार पावलांवर म्हणाली, "पण त्या नव्या कारागिराला भट्टी कळत नाही हो. मलाही पुरती कळत नाही. रंग बघून काढतो आम्ही. वरून सुरेख दिसतात, आत कच्चे."

रंगावर कोण काढतं!

७ मे, बुधवार
४१०.

पहाटे साडेपाचला फोन वाजला. हिचा.

"ऐका," म्हणाली, आणि पुढे काहीच बोलली नाही. फोन कशाजवळ तरी नेल्यासारखा वाटला. मग टक, टक. पाव उलटा धरून बुडावर बोटाच्या पेराने वाजवलेला आवाज. शिजलेला पाव पोकळ वाजतो, रिकाम्या डब्यासारखा. हा भरल्या डब्यासारखा वाजत होता.

"पुन्हा वाजव."

टक, टक.

"मधोमध. कडेला नको."

टक.

"आत ओल आहे. अजून चार मिनिटं. दार पूर्ण लावू नकोस, बोटभर फट ठेव."

"मलाही चारच वाटली होती."

"मग फोन कशाला केलास?"

पलीकडे भट्टीचं दार करकरलं. कारागीर कुणाला तरी बाजूला हो म्हणत होता. ट्रे घासत आत गेला. डोळे मिटले तर सगळं दिसत होतं, आणि छातीत काही आवळत नव्हतं.

"चार मिनिटांनी परत करते," ती म्हणाली. "कुठे जाऊ नका."

फोन हातात धरून बसून राहिलो.